गिट २.३५.० मधला स्टॅशचा बग टेस्टमध्ये सापडत नाही, टेस्ट पास होते

झाडमूळ यांचा प्रश्न:

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलच्या स्वतःच्या टेस्ट सूटमध्ये (टेस्टच्या संचात) बग दाखवणारी टेस्ट कशी लिहायची, ते शिकतो आहे. सरावासाठी मुद्दाम आधीच दुरुस्त झालेला बग घेतला, म्हणजे आपलं उत्तर ताडून बघता येतं. २.३५.१ च्या रिलीज नोट्समध्ये लिहिलं आहे की २.३५.० मध्ये दुय्यम वर्कट्रीतून (त्याच रिपॉझिटरीला जोडलेल्या कामाच्या दुसऱ्या फोल्डरमधून) चालवलेले रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) आणि स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवणं) बिघडलेले होते आणि ते आता दुरुस्त केले आहेत. त्यातला स्टॅश निवडला, -यू पर्यायासह (तो अनट्रॅक्ड, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइलीही घेतो).

व्ही२.३५.० हा टॅग चेकआउट करून मेक केलं. टी फोल्डरमध्ये टी३९९९-स्टॅश-सब.एसएच अशी नवी फाइल केली. वर टेस्ट_डिस्क्रिप्शन, मग टेस्ट-लिब.एसएच सोर्स केली, शेवटी टेस्ट_डन. मधला भाग असा (आज्ञा देवनागरीत उतरवल्या आहेत, -सी म्हणजे सगळीकडे कॅपिटल सी):

    टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर 'लिंक्ड वर्कट्रीत स्टॅश -यू' '
        गिट इनिट मेन &&
        एमकेडिर मेन/सब &&
        टेस्ट_कमिट -सी मेन वन सब/वन &&
        गिट -सी मेन वर्कट्री ॲड ../लिंक्ड &&
        इको नवे >लिंक्ड/सब/नवी &&
        गिट -सी लिंक्ड/सब स्टॅश पुश -यू &&
        टेस्ट_पाथ_इज_मिसिंग लिंक्ड/सब/नवी &&
        टेस्ट_पाथ_इज_फाइल लिंक्ड/सब/वन
    '

टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर म्हणजे ही टेस्ट पडेल अशी अपेक्षा. रन केल्यावर "नोन ब्रेकेज व्हॅनिश्ड" असं येतं, म्हणजे टेस्ट पास झाली आणि बग दिसलाच नाही. २.३५.१ वरही तेच. लिंक्ड (म्हणजे दुय्यम) वर्कट्री आहे, सबडिरेक्टरी आहे, अनट्रॅक्ड फाइल आहे. मग काय राहिलं?

---

कोकण_कर्नल यांचं उत्तर:

तुमच्या टेस्टमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी बग झाकतात. एक दुरुस्त केली तरी दुसरीमुळे टेस्ट पासच होत राहील, म्हणून दोन्ही नीट बघू. त्याआधी बग कुठून आला ते बघा, नाहीतर टेस्ट अंदाजाने लिहिली जाते.

२.३५ मध्ये एक चांगली सुधारणा आली: तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते गिट काढून टाकणार नाही. त्याआधी रीबेस किंवा चेकआउट करताना तुमचं चालू फोल्डर रिकामं झालं तर गिट ते उडवायचं आणि शेल नसलेल्या जागी उभा राहायचा. हे टाळायला गिट सुरू होतानाच "मला कुठून बोलावलं" हे लिहून ठेवतं. काही कमांड आपलं काम चाइल्ड प्रोसेसला (त्यांनीच सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेसला) देतात: रीबेस चेकआउटला, आणि स्टॅश -यू क्लीनला (अनट्रॅक्ड फाइली काढणाऱ्या आज्ञेला). त्या चाइल्डलाही कोणतं फोल्डर राखायचं हे कळावं म्हणून डिसेंबर २०२१ मधल्या बदलांनी चाइल्ड त्याच मूळ फोल्डरमधून चालवायला सुरुवात केली.

मुख्य वर्कट्रीत हे बिनबोभाट चालतं. लिंक्ड वर्कट्रीत .गिट हे फोल्डर नसतं, साधी फाइल असते, आणि खरी गिट डिरेक्टरी मेन/.गिट/वर्कट्रीज/लिंक्ड इथे असते. शोधून सापडलेला पत्ता नेहमीचा ".गिट" नाही असं दिसलं की पेरेंट प्रोसेस तो जीआयटी_डीआयआर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाकते, आणि चाइल्डला तो वारशाने मिळतो. आता गिटचा जुना नियम: जीआयटी_डीआयआर दिलेलं आहे पण जीआयटी_वर्क_ट्री दिलेलं नाही, तर चालू फोल्डर हेच वर्कट्रीचं मूळ. म्हणजे लिंक्ड/सब मधून सुरू झालेला क्लीन समजतो की सब हेच मूळ आहे. २.३५.१ मधली दुरुस्तीही एवढीच: चाइल्डला जीआयटी_वर्क_ट्री पण द्यायचं.

आता तुमची टेस्ट.

पहिली अडचण -सी. "कुठून बोलावलं" ही नोंद मेन फंक्शनच्या अगदी सुरुवातीला होते, -सी हा पर्याय वाचण्याच्या आधी. तुमच्या टेस्टमध्ये त्या क्षणी प्रोसेस ट्रॅश डिरेक्टरीत (टेस्टसाठी तयार होणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये) उभी आहे, लिंक्डच्या बाहेर. वर्कट्रीच्या बाहेरचं फोल्डर राखायची गरज नाही म्हणून गिट ती नोंद सोडून देतं, चाइल्ड नेहमीसारखा मुळातून चालतो आणि बगचा रस्ताच लागत नाही. लिंक्डच्या मुळाशी उभं राहून चालवलं तरी हेच होतं, कारण मूळ फोल्डर काढलं जाण्याचा प्रश्नच नसतो. सबशेलमध्ये (कंसातल्या आज्ञा चालवणाऱ्या वेगळ्या शेलमध्ये) खरोखर सीडी करूनच आत जावं लागेल. एरवी टेस्ट लिहिताना सीडीऐवजी -सी वापरा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. फक्त चालू फोल्डर हाच बगचा भाग असेल तिथे ती स्वच्छ पद्धत बग पुसून टाकते.

दुसरी अडचण तुम्ही काय तपासता ही. समजा सीडी केलं. सब हेच मूळ समजणारा क्लीन काय करेल? इंडेक्समध्ये (गिटच्या फाइलींच्या नोंदवहीत) नाव आहे "सब/वन". क्लीनला समोर दिसतं नुसतं "वन". ते इंडेक्समध्ये नाही, म्हणजे अनट्रॅक्ड, म्हणजे काढा. "नवी" पण काढतो. त्यानंतर स्टॅश रीसेट --हार्ड चालवतो, तो योग्य मुळातून चालतो आणि सब/वन परत जागेवर ठेवतो. शेवटचं चित्र: सब/नवी गेलेली, सब/वन हजर. तुमच्या दोन्ही तपासण्या बग असतानाही खऱ्या ठरतात!

बग उघडा पडतो तो सबच्या बाहेर. वर्कट्रीच्या मुळाशी एक अनट्रॅक्ड फाइल ठेवा. स्टॅश -यू ने ती स्टॅशमध्ये घेऊन कामाच्या जागेवरून काढायला हवी. चुकीच्या मुळातून चाललेल्या क्लीनची नजर तिथे पोचतच नाही, त्यामुळे ती स्टॅशमध्येही जाते आणि डिस्कवरही राहते. तिथे बोट ठेवा.

---

सबशेल यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात सगळं आलं आहे, मी टेस्टचा आराखडा देतो:

    टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेस 'सबडिरेक्टरीतून स्टॅश -यू, लिंक्ड वर्कट्री' '
        गिट इनिट मेन &&
        एमकेडिर मेन/सब &&
        टेस्ट_कमिट -सी मेन वन सब/वन &&
        गिट -सी मेन वर्कट्री ॲड ../लिंक्ड &&
        (
            सीडी लिंक्ड/सब &&
            इको नवे >आतली &&
            इको नवे >../बाहेरची &&
            गिट स्टॅश पुश -यू
        ) &&
        टेस्ट_पाथ_इज_मिसिंग लिंक्ड/सब/आतली &&
        टेस्ट_पाथ_इज_मिसिंग लिंक्ड/बाहेरची &&
        टेस्ट_पाथ_इज_फाइल लिंक्ड/सब/वन
    '

एमकेडिर वेगळं लिहावंच लागतं, टेस्ट_कमिट स्वतः फोल्डर करत नाही. वर्कट्री ॲडला ब्रँचचं नाव दिलेलं नाही, तर गिट शेवटच्या नावावरून "लिंक्ड" ही ब्रँच करतं. लेखकाचं नाव, ईमेल, टाइमझोन यांची काळजी करायची नाही. टेस्ट-लिब ते ठरवून देते, होम पण ट्रॅश डिरेक्टरीकडे वळवते आणि सिस्टिमची कॉन्फिग बंद ठेवते. तुमच्या मशीनवरच्या .गिटकॉन्फिगमुळे घडणारा बग टेस्टमध्ये घडत नाही याचं कारण हेच. असा संशय असेल तर ते सेटिंग टेस्टच्या आत टेस्ट_कॉन्फिगने लावायचं. ते टेस्ट संपली की आपोआप उतरतं, पण सबशेलच्या आत चालत नाही, म्हणून सबशेलच्या बाहेरून द्यायचं.

आणि लिहिताना टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर वापरू नका. माझ्या मते नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअरला आतलं काहीही पडलं की समाधान: फाइलचं नाव चुकलं, एमकेडिर विसरलं, आज्ञेचं स्पेलिंग चुकलं, सगळ्याला तो "नोन ब्रेकेज" म्हणतो आणि पूर्ण फाइल हिरवी (पास) दाखवतो. आधी टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेसने लिहा, लाल होऊ द्या (म्हणजे पडू द्या), आणि नेमक्या कुठल्या ओळीला लाल झाली ते वाचा:

    ./टी३९९९-स्टॅश-सब.एसएच -व्ही -आय -एक्स

-एक्सने प्रत्येक आज्ञा चालताना छापली जाते. -आयने पहिल्या अपयशाला थांबते आणि "ट्रॅश डिरेक्टरी.टी३९९९-स्टॅश-सब" हे फोल्डर मागे राहतं. नावात स्पेस मुद्दाम ठेवलेली आहे, अवतरणं विसरलेला शेल कोड तिथेच सापडावा म्हणून. तेव्हा सीडी करताना अवतरणं द्या. आत जाऊन लिंक्डमध्ये स्टेटस बघा. टेस्ट "टेस्ट_पाथ_इज_मिसिंग लिंक्ड/बाहेरची" याच ओळीला पडली पाहिजे. वर्कट्री ॲडला पडली असेल तर ते बगचं अपयश नव्हे.

---

झाडमूळ:

दोघांचे खूप आभार. आता २.३५.० वर लाल येते, आणि बरोबर "बाहेरची"च्या ओळीलाच! पण एक नवी गोष्ट. एकेक फाइल तपासण्यापेक्षा पूर्ण वर्कट्री स्वच्छ आहे का ते एकदाच बघावं म्हणून शेवटच्या तीन ओळींच्या जागी सबशेलच्या आतच हे टाकलं:

            गिट स्टॅश पुश -यू &&
            गिट स्टेटस --पोर्सेलेन >ॲक्च्युअल &&
            टेस्ट_मस्ट_बी_एम्प्टी ॲक्च्युअल

ही टेस्ट २.३५.० वर लाल, पण २.३५.१ वरही लाल. तिथे तर बग दुरुस्त झाला आहे ना? की २.३५.१ चा बिल्ड चुकला?

---

सबशेल:

बिल्ड ठीक आहे. ॲक्च्युअल फाइल उघडून बघा, आत एकच ओळ असेल: "?? सब/ॲक्च्युअल". शेल रीडायरेक्शनची फाइल आधी तयार करतो आणि मग गिट चालवतो. स्टेटस बघायला लागतो तेव्हा ती फाइल वर्कट्रीत पडलेलीच असते, अनट्रॅक्ड. तपासणीचं आउटपुट तपासल्या जाणाऱ्या जागेच्या बाहेर लिहा:

            गिट स्टेटस --पोर्सेलेन >../../ॲक्च्युअल
        ) &&
        टेस्ट_मस्ट_बी_एम्प्टी ॲक्च्युअल

लिंक्ड/सब पासून दोन पायऱ्या वर म्हणजे ट्रॅश डिरेक्टरी, आणि सबशेल संपल्यावर आपण तिथेच असतो.

पाइप लावून हे टाळू नका. "गिट स्टेटस | ग्रेप ..." असं लिहिलं तर पाइपच्या डाव्या बाजूच्या गिटचा एक्झिट कोड हरवतो. गिट मध्येच सेगफॉल्ट होऊन मेलं तरी ग्रेपला हवी ती ओळ आधी मिळालेली असेल तर टेस्ट पास. फाइलीत घ्या, मग टेस्ट_ग्रेप किंवा टेस्ट_सीएमपी लावा. २.३५ च्या काळातल्या झाडात (गिटच्या सोर्समध्ये) टेस्ट_ग्रेप नाही, तिथे साधा ग्रेप चालेल.

तसंच एखादी गिट आज्ञा पडायलाच हवी असेल तर पुढे उद्गारचिन्ह लावू नका, टेस्ट_मस्ट_फेल लावा. उद्गारचिन्ह कुठल्याही अपयशावर खूश होतं, क्रॅशवरसुद्धा. टेस्ट_मस्ट_फेल सिग्नलने मेलेलं गिट किंवा न सापडलेली आज्ञा हे वैध अपयश मानत नाही. उलट ग्रेपसारख्या गिटबाहेरच्या आज्ञांना मात्र उद्गारचिन्हच.

---

कोकण_कर्नल:

झाडमूळ, तुम्ही दुरुस्त आवृत्तीवर चालवून बघितलंत म्हणून ही चूक हाती लागली. नुसतं २.३५.० वर लाल बघून थांबला असता तर ॲक्च्युअलमुळे आलेला लाल आणि बगमुळे आलेला लाल यांत काही फरक दिसला नसता. दुरुस्ती अजून व्हायची आहे अशा बगला दुसरी बाजू नसते, तेव्हा शेवटची चांगली आवृत्ती ती जागा घेते. इथे २.३४.० वर टेस्ट हिरवी हवी.

दोन आवृत्त्यांवर एकच टेस्ट चालवायला प्रत्येक वेळी चेकआउट आणि मेक करायची गरज नाही. गिटच्या सोर्सचीच दोन वर्कट्री करा, एक व्ही२.३५.० ची आणि एक व्ही२.३५.१ ची, प्रत्येकात मेक करा आणि टेस्टची फाइल दोन्हीकडच्या टी फोल्डरमध्ये ठेवा. किंवा एखादी आवृत्ती इन्स्टॉल केलेली असेल तर जीआयटी_टेस्ट_इन्स्टॉल्ड या व्हेरिएबलमध्ये तिच्या बिन फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या, मग सूट त्या गिटवर चालते. तरी टी फोल्डर ज्या झाडात आहे ते बिल्ड केलेलं लागतंच, कारण टेस्ट-टूल हा मदतनीस तिथूनच येतो.

ते व्हेरिएबल दिलं नाही तर सूट नेहमी आपल्याच झाडात बिल्ड झालेलं गिट वापरते, सिस्टिमवरचं नाही. साधी शेल स्क्रिप्ट वेगळी लिहून बग दाखवायला गेलं की हे उलटं होतं: पाथमध्ये पहिलं सापडलेलं गिट चालतं, म्हणजे बहुधा डिस्ट्रिब्युशनचं, आणि माणूस २.३५.० तपासतो आहे असं समजून भलतंच काहीतरी तपासत असतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला गिट --व्हर्जन छापून घ्या.

---

पाचवी_पायरी यांचं उत्तर:

टेस्ट तयार आहे तर बायसेक्टही करून बघा (चांगली आणि वाईट आवृत्ती यांमधली कमिट अर्धी-अर्धी करत शोधणं), गुन्हेगार कमिट स्वतः सापडताना बघणं फार शिकवून जातं.

    गिट बायसेक्ट स्टार्ट व्ही२.३५.० व्ही२.३४.०
    गिट बायसेक्ट रन ~/तपास.एसएच

आधी वाईट, मग चांगली असा क्रम. तपास.एसएच गिटच्या झाडाबाहेर ठेवा. आत एवढंच:

    मेक -जे८ || एक्झिट १२५
    सीडी टी && ./टी३९९९-स्टॅश-सब.एसएच

टी३९९९ ही फाइल कमिट करायची नाही. अनट्रॅक्ड राहिली की बायसेक्टच्या प्रत्येक चेकआउटला ती जागेवरच राहते. मध्येच गिट क्लीन चालवलंत तर जाईल, म्हणून एक प्रत बाहेर ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे टी३९०३ या स्टॅशच्या आधीच असलेल्या टेस्ट फाइलीतच टेस्ट घालून ती फाइल जुन्या झाडांत कॉपी करत जाणं, पण तो टाळा: नव्या फाइलीतली मदतनीस फंक्शनं जुन्या टेस्ट-लिबमध्ये नसतील तर टेस्ट भलत्याच कारणाने पडते आणि बायसेक्ट चुकीच्या कमिटवर जाऊन थांबतो.

एक्झिट कोड नीट लक्षात घ्या. ० म्हणजे चांगलं. १२५ म्हणजे हे कमिट तपासता येत नाही, वगळा. १ ते १२७ मधलं बाकी सगळं वाईट. १२८ किंवा जास्त आला की बायसेक्ट तिथेच थांबतो. यातला १२७ फसवा आहे, कारण शेल "आज्ञा सापडली नाही"साठी तोच देतो. स्क्रिप्टमध्ये टेस्टच्या फाइलचं नाव चुकलं तर प्रत्येक कमिट वाईट ठरू शकतं आणि बायसेक्ट चांगल्या टोकाजवळचं निरपराध कमिट पकडून देतो. मेकनंतरचा १२५ विसरलात तरी तीच गत, बिल्ड न होणारं कमिट बगवालं ठरतं.

टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअरचा इथे तर थेट घात होतो. नोन ब्रेकेज असलेली फाइल शेवटी ० ने बाहेर पडते, म्हणजे बायसेक्टला सगळीच कमिट चांगली दिसतात. बायसेक्टसाठी टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेसच हवं.

कॉन्फिग.मॅकमध्ये डेव्हलपर=१ असेल तर बायसेक्टपुरतं काढा. तो वॉर्निंगला एरर मानतो, आणि आजच्या कंपायलरच्या नव्या वॉर्निंग २०२१ च्या कोडवर आल्या की बिल्ड पडतो, मग १२५ वर १२५. ठेवायचाच असेल तर डेव्हऑप्ट्स=नो-एरर द्या. कर्ल, गेटटेक्स्ट वगैरे लायब्ररी नसतील तर नो_कर्ल=१, नो_गेटटेक्स्ट=१ टाकून बिल्ड हलका करा, या बगला त्यांची गरज नाही. झेडलिब मात्र लागतेच.

सगळं जुळलं तर बायसेक्ट "स्टॅश: डू नॉट अटेम्प्ट टू रिमूव्ह स्टार्टअप_इन्फो->ओरिजिनल_सीडब्ल्यूडी" या मथळ्याच्या कमिटवर थांबायला हवा. तो बदल छोटा आहे, उघडून वाचा. कोकण_कर्नल यांनी सांगितलेली साखळी त्यात डोळ्यांनी दिसते: चाइल्डचं डिरेक्टरी फील्ड भरलं आहे, एन्व्हायर्नमेंटमध्ये काही घातलेलं नाही.

---

रात्रपाळी यांचा उपप्रश्न:

याच विषयात विचारतो. माझ्याकडचा बग दहातून एखाद्या वेळीच येतो: फाइल बदललेली असते पण डिफ रिकामा. स्क्रिप्टमध्ये फाइल लिहिल्यावर स्लीप १ टाकलं की बग जातो, काढलं की कधीतरी येतो. अशाची टेस्ट कशी लिहायची?

---

कोकण_कर्नल:

स्लीपने जातो म्हणजे टाइमस्टँपशी संबंध आहे असं धरून सुरुवात करा. गिट प्रत्येक फाइलची आकार, एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ), सीटाइम (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ), आयनोड (फाइलसिस्टिममधला फाइलचा क्रमांक) अशी माहिती इंडेक्समध्ये ठेवतं, आणि ती जुळली तर फाइल न उघडता "बदल नाही" म्हणतं. इंडेक्स लिहिल्याच्या त्याच क्षणात, आकार तोच ठेवून फाइल बदलली तर स्टॅटवरून फरक कळत नाही. गिटला हे माहीत आहे: नोंदीचा एमटाइम इंडेक्स फाइलच्या एमटाइमइतका किंवा त्याहून नवा असेल तर ती नोंद संशयित धरून गिट मजकूर ताडून बघतं. टी००१०-रेसी-गिट.एसएच ही टेस्ट त्यासाठीच आहे, आधी ती वाचा. म्हणजे बग गिटमध्येच असेल तर तो असा संशय घ्यायला चुकणाऱ्या एखाद्या वाटेवर असणार. नाहीतर तुमची स्क्रिप्ट, एखादं टूल किंवा फाइलसिस्टिम एमटाइम मागे नेत असेल. कॉपी करताना वेळ जपणारे पर्याय, आर्काइव्ह उलगडणं, हे आधी तपासा.

टेस्टमध्ये स्लीप घालू नका, आणि नशिबावरही सोडू नका. वेळ आपल्या हातात घ्या. टेस्ट-टूल सीएचएमटाइम याने फाइलीचा एमटाइम हवा तो ठेवता येतो, बरोबरचिन्ह देऊन ठरावीक सेकंदावर, किंवा अधिक-उणे देऊन आहे त्यापेक्षा पुढेमागे. मूळ फाइलला एक ठरावीक वेळ द्या, ॲड करा, मग तेवढ्याच बाइटचा वेगळा मजकूर लिहा आणि पुन्हा तीच वेळ द्या. आकार सारखाच हवा. "अ" च्या जागी "अब" लिहिलंत तर आकारावरूनच बदल कळतो आणि बग कधीच येत नाही. सीटाइम मात्र या टूलने बदलत नाही, फाइलला हात लावला की तो कर्नल पुढे नेतो. त्यामुळे ती टेस्ट पडण्यासाठी कोअर.ट्रस्टसीटाइम फॉल्स करावं लागतं आहे का, हे बघा. लागत असेल तर बग कुठल्या परिस्थितीत येतो याचा एक धागा तिथेच मिळाला.

---

सबशेल:

भर एवढीच: पुष्कळ प्रोसेस एकाच वेळी धावतात तेव्हाच येणारा बग असेल तर फाइलला --स्ट्रेस द्या. तीच टेस्ट अनेक कामगारांत समांतर, पुन्हा पुन्हा, पहिलं अपयश येईपर्यंत चालते, आणि पडलेल्या कामगाराची ट्रॅश डिरेक्टरी वेगळी जपली जाते. ते अपयश बघून नेमका क्रम समजून घ्या आणि मग तो क्रम सक्तीने घडवणारी टेस्ट लिहा. --स्ट्रेसवर कधीतरी पडणारी टेस्ट सूटमध्ये घेत नाहीत, ती दुसऱ्याच्या मशीनवर उगाच लाल होत राहते.

---

झाडमूळ:

बायसेक्ट त्याच कमिटवर थांबला. २.३४.० हिरवी, २.३५.० लाल, २.३५.१ हिरवी, आणि लाल दर वेळी "बाहेरची"च्या ओळीला.

शेवटचं विचारतो. खरा, अजून दुरुस्त न झालेला बग सापडला तर टेस्ट एकटीच पाठवायची की दुरुस्तीबरोबर? आणि मर्क्युरियलमध्येही (गिटसारखंच दुसरं टूल) हे असंच असतं का? कामाच्या ठिकाणी एका जुन्या प्रकल्पात ते वापरात आहे.

---

पाचवी_पायरी:

दुरुस्ती तुमच्याकडे असेल तर टेस्ट आणि दुरुस्ती एकाच पॅचमध्ये, थेट टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेस. काही जण पहिल्या पॅचमध्ये टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर आणि दुसऱ्यात दुरुस्ती करून फेल्युअरचं सक्सेस करतात. गिट प्रकल्पात ते सहसा आवडत नाही, कारण दुसऱ्या पॅचच्या डिफमध्ये टेस्टची फक्त वरची ओळ आणि आसपासच्या तीन ओळी दिसतात, टेस्ट काय तपासते ते तपासणाऱ्याला दिसतच नाही. टेस्ट खरंच पडत होती का, हे ज्याला बघायचं आहे तो दुरुस्तीची सी भाषेतली फाइल मागे घेऊन चालवून बघू शकतो.

दुरुस्ती नसेल तर गिट बगरिपोर्ट चालवा. ती आज्ञा आवृत्ती आणि सिस्टिमची माहिती भरलेला मजकूर तयार करून देते. त्यात टेस्टचा मधला भाग जसाच्या तसा चिकटवा आणि मेलिंग लिस्टवर पाठवा. काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि बायसेक्टने दाखवलेलं कमिट, या तीन गोष्टी हव्यात. पाठवण्याआधी टेस्टमधून एकेक ओळ काढून बघा. काढूनही लाल राहिली तर ती ओळ नकोच. वरच्या टेस्टमध्ये वर्कट्री ॲड काढून मुख्य वर्कट्रीतून चालवली की हिरवी होते, म्हणजे ती ओळ हवी. "आतली" मात्र बग दाखवायला लागत नाही, काढली तरी लाल राहते. दुरुस्तीबरोबरच्या टेस्टमध्ये तिला ठेवायला माझी हरकत नाही, पण रिपोर्टमध्ये नको.

मर्क्युरियलची पद्धत वेगळी आणि मला वाचायला सोपी वाटते. टेस्ट म्हणजे .टी शेवट असलेली साधी मजकूर फाइल. दोन स्पेस, डॉलर आणि आज्ञा. तिच्याखाली दोन स्पेस सोडून अपेक्षित आउटपुट. आज्ञा शून्याशिवाय दुसऱ्या कोडने संपणार असेल तर खाली चौकटी कंसात तो आकडा, जसा [२५५]. बदलतं आउटपुट असेल तिथे ओळीच्या शेवटी कंसात ग्लोब किंवा आरई लिहायचं. रन-टेस्ट्स.पीवायने चालवलं की अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांचा डिफ समोर येतो.

तिथे सांभाळायची गोष्ट म्हणजे -आय. गिटच्या सूटमध्ये -आय म्हणजे पहिल्या अपयशाला थांब. मर्क्युरियलच्या रन-टेस्ट्समध्ये -आय म्हणजे आलेलं आउटपुट स्वीकारायचं का ते विचार, आणि हो म्हटलं की ते फाइलीत अपेक्षित म्हणून लिहिलं जातं. बग दाखवणाऱ्या टेस्टवर हो म्हटलंत तर बगचं आउटपुटच बरोबर ठरतं आणि टेस्ट हिरवी होते. तिथे अपेक्षित आउटपुट आधी हाताने लिहा, जसं यायला हवं तसं. बग दुरुस्त व्हायच्या आधीच टेस्ट झाडात ठेवायची असेल तर चुकीचं आउटपुट ठेवून वर साध्या ओळीत लिहा की हे चूक आहे आणि बरोबर काय हवं. दोन स्पेस नसलेली ओळ तिथे टिप्पणीच धरली जाते, त्यासाठी वेगळं चिन्ह लागत नाही.